पहिल्या धुण्याआधी

आमच्या आईचा एक नियम होता. उल्हासनगरच्या बाजारातून कपडा आणला, की पहिलं धुणं होईपर्यंत त्याचं कौतुक करायचं नाही. मी आठवीत असताना एक जीन्स आणली होती. आरशासमोर उभा राहून मी "काय फिटिंग आहे!" असं म्हणतोय तोवर आई म्हणाली, "बादलीतून निघू दे, मग सांग." जीन्स बादलीतून निघाली ती ठीकच निघाली, पण सोबत बाबांचे दोन पांढरे बनियन आकाशी होऊन निघाले. तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याही नव्या गोष्टीबद्दल कुणी फार उड्या मारायला लागलं, की "पहिलं धुणं झालं का?" असं विचारतात. नवा मोबाइल, नवा जावई, नवा नगरसेवक, सगळ्यांना माप एकच :)

हे आज आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात एक नवा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम आला. नाव मुद्दाम घेत नाही, कारण तुम्ही हे वाचेपर्यंत बहुतेक दुसरा आलेला असेल. रात्री नऊला गेम सुरू झाला आणि साडेअकरापर्यंत माझ्या ओळखीतल्या चार जणांची मतं तयार होती. "ग्राफिक्स अफलातून." "फायटिंग एकदम स्मूथ." "फुकट आहे यार, अजून काय पाहिजे?" दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारचा मुलगा भेटला. "काका, तुमचं फर्स्ट इम्प्रेशन काय?" मी म्हटलं, "नाही सांगणार." त्याला वाटलं काका म्हातारे झाले. झालोच आहे, पण कारण ते नाही.

मला आज भांडायचंय ते या पहिल्या मतांशीच. ऑनलाइन गेमबद्दलचं पहिल्या दिवसाचं मत हे मत नसतंच, असं माझं म्हणणं आहे. ती कंपनीने आधीच लिहून ठेवलेली जाहिरात असते, आपण फक्त खाली सही करतो. आणि कधी कधी त्या सहीचे पैसे दुसऱ्याच्याच खात्यातून जातात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. अशी एक सही मी स्वतः केलेली आहे. ती गोष्ट पुढे सांगतो.

आता हे पान वाचणाऱ्या मावशी-काकू मंडळींसाठी थोडं स्पष्टीकरण. (ब्लॉगवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणजे एक मोठं काल्पनिक जग. त्यात तुमचं एक पात्र असतं. ते आधी दुबळं असतं, मग राक्षस मारून, कामं करून हळूहळू बलवान होतं. त्याच जगात तुमच्यासारखे हजारो लोक त्याच वेळी फिरत असतात. सिनेमा संपतो, कादंबरी संपते, हा खेळ संपत नाही. दर महिन्या-दीड महिन्याने त्यात काहीतरी नवं येत राहतं. म्हणजे लग्नाच्या मांडवातलं जेवण चाखून आपण म्हणू शकतो की आचारी चांगला आहे. पण खानावळीचं तसं नसतं. खानावळ कशी आहे ते महिनाभर जेवल्यावर, बिल आल्यावर आणि पोट बिघडलं की नाही ते बघूनच कळतं. ऑनलाइन गेम ही खानावळ आहे, आणि आपण मांडवातल्या पहिल्या घासावर मत देऊन मोकळे होतो.

माझी या जगाशी ओळख साधारण वीस वर्षांपूर्वीची. मोरिवलीहून सायकल मारत अंबरनाथ स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही तिघं जायचो. आमच्या एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी, म्हणजे शुक्रवारी बाबा घरी, म्हणजे त्या दिवशी कॅफे माझ्यापुरता बंद. बाकी दिवशी क्लासच्या नावाखाली सगळं चालायचं. तिथे मी पहिल्यांदा 'रॅग्नरॉक ऑनलाइन' पाहिला. ग्रॅव्हिटी नावाच्या कोरियन कंपनीचा, २००२ साली कोरियात सुरू झालेला गेम. त्या दशकात काही काळ त्याचा भारतातही सर्व्हर होता, नंतर तो बंद झाला. सुरुवातीला तुम्ही 'नोव्हिस', म्हणजे शिकाऊ. हातात एक चाकू, आणि समोर 'पोरिंग' नावाचे गुलाबी जेलीचे गोळे उड्या मारतायत. ते मारत मारत मोठं व्हायचं आणि मग ठरवायचं, तलवारबाज व्हायचं, जादूगार व्हायचं, तिरंदाज व्हायचं, चोर व्हायचं, पुजारी व्हायचं की व्यापारी. प्रॉन्टेरा नावाच्या शहरात लोक रस्त्यावर दुकानं मांडून बसलेले असायचे, अगदी स्टेशनबाहेर भाजीवाले बसतात तसे. मला ते बघून जे वाटलं ते अजून आठवतं. हे सगळे खरे लोक आहेत! तो कांदेवाला, म्हणजे औषधवाला, कुठेतरी खरा बसलाय!

ते माझं पहिलं मत. ते खरं होतं आणि त्यात फसवणूक नव्हती. याचं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या वेळी खेळाची किंमत खेळाच्या बाहेर उभी होती. तासाला वीस रुपये. कॅफेवाले अण्णा काउंटरवर वही घेऊन बसलेले, आणि तास भरला की मागून हाक, "तीन नंबर, टाइम झाला, वाढवायचा का?" समोर राक्षस अर्धा मेलेला असो, पोरिंग असो, अण्णांना त्याच्याशी काही घेणं नव्हतं. खिशात वीस रुपये असतील तर बसा, नाहीतर उठा. लोडशेडिंगमध्ये लाइट गेली, की गेलेल्या मिनिटांवरून भांडण व्हायचं, पण ते भांडणसुद्धा स्पष्ट आकड्यांवर होतं. किती गेले ते मला रोज माहीत असायचं. सायकलवरून घरी जाताना आज वडापाव नाही, हे माहीत असायचं.

आज गेममध्ये अण्णा नाहीत. ते उठून खेळाच्या आत जाऊन बसलेत आणि त्यांनी चेहरा बदललाय. पहिल्या आठवड्यात ते दिसतच नाहीत.

उदाहरण म्हणून सगळ्यांना माहीत असलेला गेम घेतो. २ सप्टेंबर २०२० ला आपल्याकडे पब्जी मोबाइलवर बंदी आली. घराघरांत लॉकडाउनमध्ये अडकलेली मुलं रिकामी झाली. त्याच महिन्यात, २८ सप्टेंबरला, 'गेन्शिन इम्पॅक्ट' आला. शांघायच्या मिहोयो कंपनीचा. मोबाइल, संगणक, प्लेस्टेशन सगळीकडे आणि फुकट. पहिली मतं आठवतात? मला चांगली आठवतात, कारण त्यातली काही मी मित्रांना रात्री दोन वाजता पाठवली होती. डोंगरावर चढून खाली बघितलं की अख्खं खोरं दिसतं. पंख पसरून तरंगत खाली यायचं. संगीत असं की गेम चालू ठेवून स्वयंपाक करावा. वाद झाला तो एकाच गोष्टीवर, की हे सगळं निन्टेन्डोच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'वरून उचललंय की नाही. त्यावर आम्ही तासन् तास भांडलो. त्या वर्षी ॲपलने त्याला आयफोनचा सर्वोत्तम गेम ठरवलं, गूगल प्लेनेही गौरवलं. आणि खरं सांगतो, तो गेम सुंदर आहे. आजही आहे. मला त्याच्या सौंदर्याशी भांडायचं नाहीये.

पण पहिल्या मतांत काय नव्हतं ते बघा. त्या गेममध्ये 'रेझिन' नावाची एक गोष्ट आहे. पात्र बलवान करायला लागणारी बक्षिसं हवी असतील तर रेझिन खर्च करावं लागतं. सुरुवातीला ते जास्तीत जास्त १२० साठायचं आणि दर आठ मिनिटांना एक भरायचं. म्हणजे रिकामी टाकी पूर्ण भरायला १६ तास. आणि बऱ्याचशा कामांना प्रत्येकी २० लागतात, म्हणजे अशा सहा कामांत, अर्ध्या-पाऊण तासात, टाकी संपली. (पुढे १२० चे १६० झाले, नंतर २०० झाले. भरायचा वेग तोच.) पहिल्या आठवड्यात हे कुणाला टोचलंच नाही, कारण तेव्हा डोंगर चढायचे असतात, गोष्ट पुढे न्यायची असते, आणि त्याला रेझिन लागत नाही. डोंगर संपले, गोष्ट संपली, की मग टाकी दिसायला लागते. तोवर पहिली मतं देऊन झालेली असतात, पाचपैकी पाच तारे!

आणि दुसरी गोष्ट म्हणजे सोरट.

सोरट आठवतंय ना? आमच्या लहानपणी शाळेजवळच्या दुकानात एक पुठ्ठा टांगलेला असायचा. त्यावर चिकटवलेल्या छोट्या चिठ्ठ्या. चार आणे दिले की एक चिठ्ठी फाडायची. आत नंबर निघाला तर त्या नंबरचं बक्षीस, नाहीतर एक गोळी. पुठ्ठ्याच्या मधोमध सगळ्यात मोठं बक्षीस लावलेलं. आमच्या वेळी ते एक प्लास्टिकचं हेलिकॉप्टर होतं. अख्ख्या शाळेने त्या हेलिकॉप्टरवर पैसे लावले आणि पुठ्ठा फाटून संपेपर्यंत ते तिथेच होतं. गोळी मात्र सगळ्यांना मिळाली.

जपानमध्ये नाणं टाकून हँडल फिरवलं की प्लास्टिकच्या गोळ्यातून खेळणं देणारी यंत्रं असतात, त्यांना 'गाचापॉन' म्हणतात. त्यावरून गेममधल्या सोरटाला 'गाचा' असं नाव पडलं. गेन्शिनमध्ये नवी पात्रं बहुतेक अशीच मिळतात. एक चिठ्ठी ओढायला १६० 'प्रिमोजेम'. सगळ्यात वरच्या दर्जाचं, पाच ताऱ्यांचं पात्र मिळण्याची शक्यता मूळ दराने ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. दहा चिठ्ठ्या एकदम ओढल्या तरी त्या दराने जेमतेम सहा टक्के. नव्वदाव्या चिठ्ठीला पाच ताऱ्यांचं पात्र हमखास. पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही! सुरुवातीच्या नियमाने ती निम्मी-निम्मी शक्यता. नशीब वाईट असेल तर आणखी नव्वद. म्हणजे एका ठरावीक पात्रासाठी १८० चिठ्ठ्यांची तयारी ठेवायची.

आता पैशांत मांडू. सगळ्यात मोठं पाकीट अमेरिकन भावाने १०० डॉलरला एक सेंट कमी. त्यात ६४८० 'जेनेसिस क्रिस्टल' आणि वर १६०० बोनस, एकूण ८०८०. त्याच्या चिठ्ठ्या होतात ५०. पहिल्यांदा घेताना दुप्पट मिळतात, म्हणजे १२९६०. त्याच्या चिठ्ठ्या ८१. नव्वदला नऊ कमी! मी हा भागाकार तीनदा करून बघितला. जगातल्या कुठल्याही वाण्याला विचारा, हे नऊ कमी का पडतात ते. तो हसेल फक्त.

आणि बघा, डॉलरचे क्रिस्टल, क्रिस्टलचे प्रिमोजेम, प्रिमोजेमची चिठ्ठी. तीन वेळा नोट मोडायची. तिसऱ्या वेळेला हातात जे उरतं त्यावर रुपयाचं चिन्ह कुठेच नसतं.

आमच्या भागात मटक्याला नावं ठेवत ठेवत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. (जाता जाता, 'कल्याण' मटका हा आमच्या शेजारच्या कल्याण शहराचा नाही, १९६२ मध्ये मटका सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्या नावाचा. त्या शहराची फुकट बदनामी झालीय.) मटका वाईटच. माझ्या ओळखीतली घरं बसली त्यात. पण हिशोबापुरतं बोलायचं तर एका आकड्यावर लावलं की दहात एक शक्यता आणि लागला तर एकाला नऊ, रोख. इथे हजारात सहा, आणि लागलं तर एक चित्र, जे विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, आणि सर्व्हर बंद झाला की तेही नाही. माझा रॅग्नरॉकमधला तिरंदाज आज कुठे आहे? कुठेही नाही. आणि तरी मटक्याला जाणारा माणूस तोंड लपवून जायचा, आणि आपण याची पहिल्या दिवशी शिफारस करतो.

आता ती सही.

लॉकडाउनमध्येच आणखी एक गेम आला होता. तो गेन्शिन नव्हे, वेगळाच होता. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मला एका कंपनीशी भांडायचं नाहीये. मी तो दोन दिवस खेळलो आणि आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं, "मस्त आहे. मारामारी फार नाही, चित्रं सुंदर, इंग्रजीही सुधारेल. फुकट आहे. मुलांना खेळू द्या." माझी ताई बदलापूरला राहते. भाचा तेव्हा बारा वर्षांचा. शाळा मोबाइलवर, भावोजी शिफ्टवर, ताई घरून काम करणारी. तिला हवीच होती अशी एखादी शिफारस. मामा कॉम्प्युटरमधला माणूस, तो म्हणतोय म्हणजे बरोबरच असणार.

पाच महिन्यांनी ताईचा फोन आला. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले चौदा हजार तीनशे रुपये कमी होते. एकदम गेले असते तर तिला लगेच कळलं असतं. पण गेले होते एकोणनव्वद, एकोणनव्वद, एकशे सत्तर, एकोणनव्वद, साडेचारशे... अशा एकूण सत्तरेक नोंदी. मी गेलो. भाचा भिंतीकडे तोंड करून बसला होता. भावोजींनी त्याला मारलं नव्हतं, पण बोललेही नव्हते, आणि ते जास्त वाईट. मी जवळ बसलो आणि शहाण्यासारखं विचारलं, "अरे, एवढे पैसे कसे काय घातलेस?" तो म्हणाला, "मामा, तूच म्हणाला होतास ना, फुकट आहे."

ताई स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं. ती काही बोलली नाही. तिने मला चहा दिला.

त्या पावसाळ्यात त्यांच्या हॉलच्या कोपऱ्यात बादली ठेवलेली होती. मी वॉटरप्रूफिंगचे पैसे द्यायला गेलो, ताईने घेतले नाहीत. बादलीत थेंब पडायचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

तर या विषयावर मी बोललो की मला जी उत्तरं मिळतात, ती एकेक घेऊ.

"जबरदस्ती थोडीच आहे? पैसे न भरता खेळा की." बरोबर आहे. मी स्वतः गेन्शिन एकही पैसा न भरता खेळलोय. पण मी चाळिशीकडे झुकलेला माणूस आहे, मला ईएमआय आहे, आणि मला सोरटातलं हेलिकॉप्टर आठवतंय. बारा वर्षांच्या मुलाला यातलं काहीच नाही. त्याच्यासमोर मर्यादित दिवसांसाठीच असलेलं पात्र आहे, उलटा चालणारा काटा आहे, आणि मित्राला ते काल मिळालंय.

"पालकांनी लक्ष द्यावं." द्यावंच. फोनवर खरेदीला पासवर्ड लावावा, आज संध्याकाळीच लावावा. पण पालकांनी कशावर लक्ष द्यायचं हे त्यांना सांगणार कोण? त्यांना माहिती मिळते ती आपल्यासारख्यांकडून, आणि आपण सांगतो की ग्राफिक्स अफलातून. शिवाय ही फक्त आईबापांची जबाबदारी आहे असं जगात सगळीकडे मानत नाहीत. जपानने २०१२ मध्ये गाचाचा एक प्रकार, ठरावीक चिठ्ठ्यांचा पूर्ण संच जमवला तरच बक्षीस देणारा, बंद केला. चीनने २०१७ पासून शक्यतांचे आकडे जाहीर करणं सक्तीचं केलं. २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामकाने पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या तिथल्या जुगार कायद्यात बसतात असं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गेन्शिनच्या कंपनीबरोबर २ कोटी डॉलरची तडजोड केली. मुलांना खरा खर्च आणि खरी शक्यता नीट कळू दिली नाही, असा आरोप होता. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत, पण पैसे भरायचं आणि तिथल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांच्या परवानगीशिवाय सोरट न विकायचं कबूल केलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. सोरटात पैसे जिंकायचेच नसतात, फक्त हरायचे असतात!

"मग बनवणाऱ्यांनी खायचं काय? चित्रकार, संगीतकार, सर्व्हर, सगळ्याला खर्च येतो." हा मुद्दा मला मनापासून मान्य आहे. म्हणून तर म्हणतो, किंमत सांगा. हे पात्र अमुक रुपये, हवं तर घ्या. मी घेईन. अण्णांना मी तासाला वीस रुपये देतच होतो, आणि आनंदाने देत होतो. तेव्हा कुणी मला चिठ्ठी ओढायला लावली नाही, की निघाली तर खुर्ची मिळेल, नाहीतर गोळी.

आणि सगळ्यात चांगला मुद्दा माझ्या भाच्याचा. तो आता कॉलेजला जातो, आमची पुन्हा चांगली गट्टी आहे. तो म्हणतो, "मामा, तू शाळेत असताना बॅटला पैसे घालवलेस, आजोबा ओरडले. मी पात्राला घालवले, बाबा ओरडले. फरक काय?" मी बराच विचार केला. फरक पात्र खोटं आणि बॅट खरी हा नाही. त्याला त्या पात्राचा आनंद खराच झाला असणार. फरक असा आहे, की दुकानदाराने मला बॅट दाखवली, किंमत सांगितली, मी घेतली. त्याने हजार पिशव्या समोर ठेवून "यातल्या सहांत बॅट आहे, एकोणनव्वद रुपयांना एक पिशवी" असं म्हटलं असतं, तर आजोबा माझ्यावर नाही, दुकानदारावर ओरडले असते. भाचा म्हणाला, "हं." आमच्या घरात "हं" म्हणजे अर्धं पटलं.

तेव्हा मित्रहो, माझं मागणं कंपन्यांकडे नाही, त्या माझं ऐकणार नाहीत. ते तुमच्याकडे आहे. तुम्ही नवा गेम खेळता, हौसेने लिहिता, आणि तुमचं वाचून कुणाच्या तरी ताईचा मुलगा तो फोनवर उतरवून घेतो. तीनच गोष्टी करा. पहिली, तुम्ही किती तास खेळून हे लिहिताय ते पहिल्या ओळीत लिहा. दोन तास असतील तर दोन तास लिहा, लाज वाटली तर लिहूच नका. दुसरी, ग्राफिक्सच्या आधी सोरट. आहे की नाही? असेल तर हवं ते पात्र हमखास मिळायला जास्तीत जास्त किती रुपये लागतील, हा भागाकार वाचकाला करून द्या. पाच मिनिटांचं काम आहे, मी वर करून दाखवलंय. तिसरी, तिसाव्या दिवशी पुन्हा लिहा. मांडवातलं जेवण चांगलं होतं हे आम्हाला कळलं, आता खानावळीचं सांगा. टाकी किती वेळात संपते, रोज खेळायला बसावंसं वाटतं की बसावं लागतं, आणि पैसे न भरणाऱ्याला तो गेम कसा वागवतो.

यात तुमचा आनंद कुठेही कमी होत नाही. मी आजही म्हणेन की त्या डोंगरावरून तरंगत खाली यायला मजा येते. मी आजही म्हणेन की प्रॉन्टेरातल्या त्या रस्त्याने मला जे दिलं ते विसरता येणार नाही. पण ही वाक्यं मी आता रात्री दोन वाजता घरच्या ग्रुपवर टाकत नाही.

असो. बरंच लांबलं.

शेजारच्या मुलाला मी सांगितलंय, महिनाअखेरीला ये. मी रोज अर्धा तास खेळतोय, एका जुन्या वहीत तारीख, वेळ आणि गेमने किती वेळा पैसे मागितले ते लिहून ठेवतोय, अण्णांसारखं. कालपर्यंत एकेचाळीस वेळा मागितले. पहिल्या दिवशी एकदाही नाही. तीस दिवस झाले की इथेच लिहीन. तुमच्यापैकी कुणी तोच गेम खेळत असेल तर तुमचा आकडाही कळवा.

आणि ताई, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. यंदा पावसाळ्याआधी मी येतोय. वॉटरप्रूफिंगवाल्याशी बोलून ठेवलंय. या वेळी पैसे परत करायचे नाहीत.